कामापुरता अधिकार

ज्याने संगणक स्वतःच्या पैशाने विकत घेतला, त्यावर उबुंटू किंवा डेबियन यांसारखी मुक्तस्रोत कार्यप्रणाली स्वतःच्या हाताने बसविली, आणि ज्या प्रणालीची सनदच मुळी असे सांगते की हिचा वापर, अभ्यास, फेरफार आणि वाटप करण्यास प्रत्येकाला मोकळीक आहे, अशा माणसाने एखादा नवा प्रोग्रॅम बसवावयास घ्यावा आणि त्याच्याच संगणकाने ‘परमिशन डिनाइड’ एवढे दोन शब्दांचे उत्तर देऊन त्याला परत पाठवावे, ही प्रथमदर्शनी मोठी विसंगती वाटते. आज्ञा लिहावयाच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, हे उत्तर उमटते तेव्हा त्याच्याजवळ १३ हा त्रुटीचा क्रमांक छापलेला असतो, आणि त्याखाली ‘आपण रूट आहात काय?’ असा उलट प्रश्नही इंग्रजीत विचारलेला असतो. नवख्याला या प्रश्नाचा अर्थ उमगत नाही. तो कोणा जाणत्याला विचारतो. जाणता त्याला सांगतो की आज्ञेच्या आरंभी ‘सुडो’ घाल आणि पासवर्ड दे. तसे करताच काम होते, आणि काम झाल्यावर प्रश्न का पडला होता याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासत नाही.

ही चौकशी मात्र करण्यासारखी आहे. संगणकाची मालकी आणि संगणकावरील अंमल या दोन भिन्न गोष्टी आहेत, मालकानेही सर्वाधिकार सदासर्वकाळ हाती बाळगू नयेत, ते कामापुरते घ्यावेत, स्वतःच्या नावाने घ्यावेत, त्याची नोंद राहू द्यावी आणि काम संपताच ते खाली ठेवावेत, हा विचार या लहानशा व्यवहारामागे उभा आहे. तो एका दिवसात सुचलेला नाही. पन्नासाहून अधिक वर्षांचा अनुभव, मतभेद आणि दुरुस्त्या यांतून तो घडत आला आहे, आणि ज्याला तो समजला त्याच्या हातून संगणकाचे नुकसान होण्याचा संभव पुष्कळच कमी होतो.

या विचाराचा उगम शोधू गेल्यास १९६९ सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी त्या वर्षी युनिक्स या कार्यप्रणालीची उभारणी आरंभिली. त्या काळी संगणक हे एकट्याने वापरावयाचे यंत्र नव्हते. एकाच यंत्राला अनेक टर्मिनले जोडलेली असत आणि अनेक माणसे एकाच वेळी त्यावर आपापले काम करीत. एकाचे लिखाण दुसऱ्याने पुसू नये, एकाच्या चुकीने सर्वांचे काम बंद पडू नये, आणि तरीही यंत्राची देखभाल करणाऱ्याला सर्वत्र हात घालता यावा, अशा तीन गरजा एकदमच उभ्या राहिल्या. त्यांतून सामान्य वापरकर्ता आणि सर्वाधिकारी वापरकर्ता असा भेद निर्माण झाला, आणि त्या सर्वाधिकाऱ्यास ‘रूट’ हे नाव मिळाले. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, त्याला १९८३ साली घोषित झालेल्या ग्नू प्रकल्पातील साधनांची जोड मिळाली, आणि युनिक्सची ही अधिकाररचना जशीच्या तशी उबुंटू-डेबियनसारख्या मुक्तस्रोत प्रणालींत उतरली. मांडीवर ठेवावयाच्या संगणकाचा वापरणारा एकच असला, तरी त्याच्या आत ही बहुजनांसाठी केलेली व्यवस्था आजही नांदत असते.

या व्यवस्थेचे आतील स्वरूप अत्यंत साधे आहे. प्रणालीचा गाभा माणसांना नावांनी ओळखत नाही, क्रमांकांनी ओळखतो. डेबियन आणि उबुंटू यांत पहिल्या सामान्य वापरकर्त्यास १००० हा क्रमांक मिळतो, दुसऱ्यास १००१, आणि रूटचा क्रमांक असतो ०. प्रत्येक फाइलीवर तिचा मालक कोण, तिचा गट कोणता, आणि मालकाला, गटाला व इतरांना ती वाचण्याची, लिहिण्याची वा चालविण्याची मुभा आहे की नाही, याची नोंद असते. आणि कोणी त्या फाइलीला हात लावू लागला की गाभा त्याचा क्रमांक या नोंदीशी ताडून पाहतो. क्रमांक ० असला तर मात्र हे ताडून पाहणे जवळजवळ सर्वस्वी गळून पडते. शून्याला वाचता येत नाही अशी फाइल नाही, बदलता येत नाही अशी मांडणी नाही, आणि आपल्या हातून सर्वनाश होत आहे की काय अशी शंका गाभ्याने त्याच्यापाशी व्यक्त करावी, अशीही फारशी तरतूद नाही.

आता प्रोग्रॅम बसविण्यास हा शून्याचा अधिकार का लागावा, हे पाहू. सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची मोकळीक असते ती त्याच्या स्वतःच्या होम फोल्डरात. प्रोग्रॅम जेथे जातात ती जागा, त्यांना लागणाऱ्या सामाईक सहायक फाइली, म्हणजे लायब्रऱ्या, त्यांच्या मांडणीच्या फाइली आणि यंत्रावर काय काय बसविले आहे याचे दप्तर, हे सारे रूटच्या मालकीचे असते, कारण त्यावर यंत्राचा प्रत्येक वापरकर्ता अवलंबून असतो. हे दप्तर कोणालाही लिहिण्यास खुले असते, तर आपण सहज उघडून पाहिलेल्या एखाद्या दुष्ट फाइलीलाही ते खुले झाले असते, कारण आपण चालविलेला प्रोग्रॅम आपल्याच क्रमांकाने, आपल्याच अधिकाराने काम करतो. दुसरे कारण याहून महत्त्वाचे असून ते सहसा ध्यानी येत नाही. प्रोग्रॅमाच्या गाठोड्यात, ज्याला पॅकेज म्हणतात त्यात, केवळ नकलून ठेवावयाच्या फाइली नसतात. बसविण्यापूर्वी आणि बसविल्यानंतर आपोआप चालणाऱ्या काही आज्ञाही असतात, आणि त्या शून्याच्या अधिकाराने चालतात. याचा अर्थ असा की पॅकेज बसविणे म्हणजे ज्याचे तोंडही आपण पाहिलेले नाही अशा माणसाने लिहिलेल्या आज्ञांना काही क्षण आपल्या यंत्राचा सर्वाधिकार देणे होय. एवढी मोठी गोष्ट करण्याआधी प्रणालीने एकदा थांबून विचारावे, यात अडवणूक कसली?

रूटचा अधिकार मिळविण्याचा जुना मार्ग ‘सू’ या आज्ञेचा. ती युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. ती लिहावी, रूटचा पासवर्ड द्यावा, आणि परत फिरेपर्यंत रूट होऊन राहावे. सामान्य माणसाने चालविलेला प्रोग्रॅम रूटच्या अधिकाराने कसा चालावा, या कोड्याची उकल डेनिस रिची यांनी केली. फाइलीवर एक खूण ठेवावी आणि ती खूण असलेला प्रोग्रॅम चालविणाऱ्याच्या नव्हे तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालावा, अशी ती युक्ती. तिला ‘सेट-यूआयडी’ म्हणतात, आणि तिचे अमेरिकी पेटंट १९७९ साली रिची यांच्या नावे मंजूर होऊन पुढे ते सर्वांच्या उपयोगासाठी खुले करण्यात आले. परंतु ‘सू’च्या पद्धतीत एक मोठे वैगुण्य होते. पाच जणांनी देखभाल करावयाची तर पाचही जणांना रूटचा एकच पासवर्ड ठाऊक असावा लागे; पाचांपैकी एक जण काम सोडून गेला की तो बदलून उरलेल्यांना नव्याने सांगावा लागे; आणि रूट होऊन कोणी काय केले याचा माग काढू गेल्यास एवढेच कळे की रूटने केले. जेथे सर्वांची सही एकच, तेथे जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

या ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांचा आक्षेप ऐकून घेणे न्यायाचे होईल, कारण तो सत्तेच्या मूळ प्रश्नालाच हात घालतो. काही युनिक्स प्रणालींत अशी तजवीज होती की ‘व्हील’ नावाच्या गटातील माणसांनाच ‘सू’ वापरून रूट होता यावे; इतरांना पासवर्ड ठाऊक असला तरी उपयोग नाही. ग्नूच्या ‘सू’मध्ये स्टॉलमन यांनी ही तजवीज ठेवण्याचे बुद्धिपुरस्सर नाकारले आणि त्याचे कारणही सोबतच्या माहितीपुस्तिकेत नोंदविले. १९८४ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत मूठभर वापरकर्त्यांनी संगणकाचा अधिकाराचा पासवर्ड बदलून तो इतरांपासून लपविला आणि सत्ता बळकावली, हा अनुभव सांगून त्यांनी असे मत मांडले की पासवर्ड जाणणाऱ्यांपैकी एखाद्याला सामान्यांविषयी आपुलकी वाटली तर त्याने तो त्यांना सांगावा, हा मार्ग मोकळा राहिला पाहिजे. गटाची तजवीज तो मार्ग बंद करून सत्ताधाऱ्यांचे आसन पक्के करते. सर्वाधिकार कोणाच्या तरी हाती कायमचा एकवटणे हाच खरा धोका होय, हे त्यांचे निदान मला मान्य आहे. मात्र त्यावरचा उपाय म्हणजे सर्वांनी एकच गुपित वाटून घेणे, हे पटत नाही; कारण गुपित वाटले गेले की सत्ता वाटली जाते खरी, पण तिचा हिशेब देणारा कोणी उरत नाही.

हिशेब राखणारा मार्ग त्याआधीच, १९८०च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणकशास्त्र विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी काढलेला होता. तोच ‘सुडो’. हाच प्रोग्रॅम पुढे अनेक हातांनी सुधारत गेला, आणि १९९०च्या दशकापासून टॉड मिलर यांनी त्याचा सांभाळ केला. त्याची कल्पना आपल्याकडील जमीनजुमल्याच्या व्यवहारातून चांगली समजते. मालक दुसऱ्याला कुलमुखत्यारपत्र देतो तेव्हा तो दुसरा माणूस सर्व बाबतींत मालकासारखाच वागू शकतो; खास मुखत्यारपत्रात मात्र कोणी, कोणते काम, कोणत्या मिळकतीपुरते करावे, हे नमूद असते आणि त्यापलीकडे त्याचा अखत्यार चालत नाही. ‘सू’ हे पहिल्या प्रकारचे आणि ‘सुडो’ हे दुसऱ्या प्रकारचे पत्र होय. ‘सुडोअर्स’ नावाच्या फाइलीत कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या यंत्रावर, कोणाच्या नावाने, कोणत्या आज्ञा चालवाव्यात याचा तपशील लिहिलेला असतो, आणि पासवर्ड मागितला जातो तो रूटचा नव्हे तर मागणाऱ्याचा स्वतःचा. त्यामुळे रूटचे गुपित कोणालाच सांगावे लागत नाही. घरगुती संगणकावर पहिल्या वापरकर्त्याला सर्वच आज्ञांची मुभा असते हे खरे. परंतु तेथेही प्रत्येक वेळी एकच आज्ञा, ठरावीक मुदत आणि नावानिशी नोंद ही तीन बंधने राहतातच.

नोंदीचे महत्त्व विशेष आहे. ‘सुडो’ने चालविलेल्या प्रत्येक आज्ञेची नोंद प्रणालीच्या रोजनाम्यात होते: तारीख व वेळ, माणसाचे नाव, कोणत्या टर्मिनलवरून, कोणत्या फोल्डरात असताना, कोणाच्या नावाने, आणि नेमकी कोणती आज्ञा. यादीत ज्याचे नाव नाही अशाने प्रयत्न केला तर त्याला नकार मिळतो, आणि जुन्या आवृत्त्यांत या प्रकाराची वर्दी दिली जाईल असेही बजावले जाई. प्रथमच हा अधिकार घेणाऱ्याला अनेक प्रणालींवर एक लहानसा उपदेश दाखविला जातो. त्यात तीन गोष्टी सांगितलेल्या असतात: इतरांच्या खासगी गोष्टींचा मान राखावा, लिहिण्यापूर्वी विचार करावा, आणि मोठ्या सत्तेबरोबर मोठी जबाबदारीही येते हे विसरू नये. यंत्राने माणसाला नीतीचे चार शब्द ऐकवावेत असे प्रसंग थोडेच. हा त्यांपैकी एक असून तो योग्य जागी आला आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिच्या कर्त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी रूटचे खाते कुलूपबंदच ठेवले. रूटचा पासवर्ड अस्तित्वातच नाही, म्हणून त्या नावाने कोणी पासवर्ड देऊन थेट आत येऊ शकत नाही, आणि जो माणूस प्रणाली बसवितो त्याला ‘सुडो’चा अधिकार आपोआप मिळतो. डेबियनने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या: बसविताना रूटसाठी पासवर्ड दिला तर जुनी पद्धत, आणि ती जागा रिकामी सोडली तर उबुंटूसारखी. डेबियनवर आपल्याला ‘सुडो’ का नाकारले जाते अशी जी नित्याची तक्रार असते, तिचे मूळ बहुधा या एका रिकाम्या न सोडलेल्या जागेत असते.

हा सर्व व्यवहार प्रत्यक्ष कसा घडतो ते एका मराठी माणसाला उपयोगी पडेल अशा उदाहरणावरून पाहू. एखाद्या ग्रंथालयातील कार्यकर्त्यापाशी जुन्या मराठी पुस्तकांच्या पानांची छायाचित्रे आहेत आणि त्यांतील छापील मजकूर त्याला संगणकीय अक्षरांत उतरवून घ्यावयाचा आहे. त्यासाठी ‘टेसरॅक्ट’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. तो ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीत १९८५च्या सुमारास जन्मला आणि २००५ साली सर्वांसाठी खुला झाला. डेबियन-उबुंटूच्या पॅकेजांच्या इंटरनेटवरील भांडारात त्याचे मूळ पॅकेज आणि मराठी अक्षरांची ओळख करून देणारे वेगळे पॅकेज अशी दोन्ही असतात. टर्मिनलमध्ये ओळीच्या आरंभी $ ही खूण दिसते. ती सामान्य वापरकर्त्याची. रूट झाल्यावर तेथे # ही खूण येते. कार्यकर्ता प्रथम नुसतेच लिहितो: ‘ॲप्ट इन्स्टॉल टेसरॅक्ट-ओसीआर टेसरॅक्ट-ओसीआर-मार’. ‘ॲप्ट’ हा पॅकेजांची ने-आण करणारा प्रोग्रॅम. दोन जणांनी एकाच वेळी दप्तरात लिहून घोटाळा करू नये म्हणून तो आधी दप्तरावर आपला ताबा सांगू पाहतो. पण तो ताबाही रूटशिवाय मिळत नाही, म्हणून नकार येतो तो या पहिल्याच पायरीवर. यंत्रातील एकही फाइल तोवर हललेली नसते.

आता तीच आज्ञा आरंभी ‘सुडो’ लावून लिहिली की पासवर्ड मागितला जातो. बहुतेक ठिकाणी तो लिहीत असताना पडद्यावर काहीच उमटत नाही, तारकासुद्धा नाहीत; कळफलक बिघडला असे वाटून अनेक जण येथे थबकतात. परंतु पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही शेजारून पाहणाऱ्याला कळू नये, असा त्यातील हेतू आहे. पासवर्ड पटला की ‘ॲप्ट’ मागितलेल्या पॅकेजांबरोबर आणखी कोणती लागतील, किती उतरवून घ्यावे लागेल आणि डिस्कवर किती जागा जाईल, हे सांगून पुढे जाऊ का असे विचारतो. ही यादी वाचण्यासाठीच दाखविलेली असते. मान्य केल्यावर पॅकेजे उतरतात, तपासली जातात, उलगडली जातात, मांडली जातात, आणि $ ही खूण परत दिसू लागते. कार्यकर्ता पुन्हा सामान्य वापरकर्ता असतो. डेबियन-उबुंटूवर साधारण १५ मिनिटे त्याच टर्मिनलमध्ये पासवर्ड पुन्हा विचारला जात नाही; ती मुदतही लगेच संपवावयाची असेल तर ‘सुडो’पुढे ‘-के’ एवढेच लिहावे. यानंतर तो पुस्तकाचे पान टेसरॅक्टला देतो, भाषा म्हणून ‘मार’, म्हणजे मराठी, सांगतो आणि मजकूर मिळवितो. या कामाला मात्र कोणताही विशेष अधिकार लागत नाही. बसविण्यास सत्ता लागली, वापरण्यास लागली नाही, हा भेद ध्यानात राहिला म्हणजे हा सारा विषय समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

मघाशी ‘तपासली जातात’ असे म्हटले, त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे. २०२३ साली निघालेल्या डेबियनच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. इतक्यांवर विश्वास ठेवावयाचा तो कशाच्या आधारावर? भांडाराच्या मुख्य सूचीवर भांडार चालविणाऱ्यांची सांकेतिक स्वाक्षरी असते; त्या सूचीत पॅकेजांच्या याद्यांचे गणिती ठसे असतात, आणि याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा ठसा. एका अक्षराचा फरक झाला तरी ठसा जुळत नाही आणि ‘ॲप्ट’ ते पॅकेज नाकारतो. मात्र ही तपासणी एवढेच सांगते की भांडारातून निघालेली वस्तू वाटेत बदललेली नाही. जी वस्तू भांडारातच खोटी शिरली तिच्यापुढे स्वाक्षरी निरुपाय होते. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या बाबतीत हे दिसून आले. त्या प्रकल्पात दीर्घकाळ सहकार्य करून विश्वास संपादन केलेल्या एका व्यक्तीने त्यात चोरवाट पेरली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो हे खटकले, त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरविला आणि चोरवाट उघडकीस आणली. ती डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत गेली नव्हती. मजकूर खुला असला म्हणजे आपोआप निर्दोष होत नाही. तो खुला असला म्हणजे सावध माणसाला तो तपासता येतो, आणि येथे तो तपासला गेला.

खुद्द ‘सुडो’ही निर्दोष नाही. जानेवारी २०२१ मध्ये क्वालिस या संस्थेच्या संशोधकांनी त्यातील एक गंभीर दोष जाहीर केला, ज्यायोगे सुडोअर्सच्या यादीत नाव नसलेल्या स्थानिक वापरकर्त्यालाही रूट होता येत असे. आणि तो दोष जुलै २०११ पासून, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, तेथे होता. स्मृतीच्या हाताळणीतील अशा चुकांना वाव राहू नये म्हणून रस्ट या भाषेत ‘सुडो’ नव्याने लिहिण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२५ मधील उबुंटूच्या २५.१० या आवृत्तीने तो मूळच्या जागी स्वीकारला. यावरून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे: प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करणे हाही या अधिकाराच्या जबाबदारीचाच भाग होय.

नाव यादीत नसल्याने नकार मिळाला तर काय करावे? यंत्र आपले असून रूटचा पासवर्ड ठाऊक असेल, तर एकदाच ‘सू’ने रूट होऊन आपले नाव डेबियन-उबुंटूवर ‘सुडो’ या गटात, आणि फेडोरा किंवा रेड हॅटवर ‘व्हील’ या गटात घालावे. नंतर लॉगआउट करून पुन्हा आत यावे, कारण गटाची नोंद आत येतानाच वाचली जाते. सुडोअर्सची फाइल बदलावयाचीच झाली तर ती ‘व्हायसुडो’नेच बदलावी, कारण तो लिहिलेले तपासून पाहतो, आणि एखाद्या विरामचिन्हाच्या चुकीने साऱ्या यंत्राचा अधिकार गमावण्याची आपत्ती टळते. पासवर्डच विसरला असेल तर उबुंटूवर संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीतील रिकव्हरी मोडमधून रूटपर्यंत पोहोचता येते. याचा दुसरा अर्थ असा की ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या हाती अखेर अधिकार. चोराच्या बाबतीतही हे तितकेच खरे असल्यामुळे डिस्क सांकेतिक करून ठेवणे शहाणपणाचे. महाविद्यालयातील किंवा कचेरीतील यंत्र मात्र आपले नसते. तेथे आडवाटा शोधणे हा अपहार होय. व्यवस्थापकाकडे रीतसर मागणी करावी.

पुष्कळदा तर या अधिकाराची गरजच नसते. केवळ स्वतःसाठी लागणारा प्रोग्रॅम स्वतःच्या होम फोल्डरात बसविता येतो. फ्लॅटपॅकसारख्या व्यवस्थेतही एकट्यापुरती बसवणी करण्याची सोय आहे. प्रत्येक प्रोग्रॅमाला आणि प्रत्येक माणसाला कामास पुरेल इतकाच, त्याहून तिळभरही अधिक नसलेला अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली संगणकसुरक्षेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले, आणि आजही त्याहून चांगला नियम कोणी सांगितलेला नाही. हेही लक्षात ठेवले पाहिजे की रूटपासून दूर राहिल्याने प्रणाली वाचते, पण आपली पत्रे, छायाचित्रे आणि लिखाण आपल्याच अधिकारात असल्याने आपण चालविलेल्या दुष्ट प्रोग्रॅमापासून ती आपोआप वाचत नाहीत. त्यांची नक्कल अन्यत्र ठेवणे, याला दुसरा पर्याय नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र तंत्रातील नसून सवयीतील आहे. कोठेतरी दिसलेली आज्ञा, इंटरनेटवरून एक लिखाण उतरवून ते न वाचता थेट रूटच्या हाती देणारी, जशीच्या तशी चिकटवावी आणि पासवर्ड देऊन मोकळे व्हावे, हा प्रघात फार वाढला आहे. अशा वेळी स्वाक्षरी, सूची, ठसे यांची सारी साखळी आपण आपल्या हाताने तोडून टाकतो. अशी मोकळीक सर्वत्र नसते. गाभा लिनक्सचाच असलेल्या अँड्रॉइड फोनात विकत घेणाऱ्याला रूटचा अधिकार सामान्यतः मिळतच नाही. तेथे सर्वाधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवला आहे. मुक्तस्रोत संगणकावर शेवटचा शब्द मालकाचा असतो, परवानगी मागणारा आणि देणारा एकच असतो, आणि म्हणूनच तेथील संयम हा दुसऱ्याने लादलेला नसून स्वेच्छेने पत्करलेला असतो. स्वातंत्र्याचा याहून प्रौढ अर्थ मला तरी माहीत नाही.

मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल या उपक्रमाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध केले आहेत, आणि खेड्यापाड्यांतील विद्यार्थी हे ज्ञान आता आपल्या भाषेत घेऊ शकतात, ही समाधानाची गोष्ट आहे. या विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे एवढेच की आज्ञा पाठ करून घेण्यापूर्वी ती वाचावयास शिकवा. हा अधिकार मी कोणत्या कामासाठी घेत आहे, कोणावर विश्वास ठेवून घेत आहे, त्याशिवाय काम होणार नाही काय, आणि तो मी केव्हा खाली ठेवणार आहे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्याला पासवर्ड देण्याआधी देता येतात, तो संगणकाचा खरा मालक झाला; मग त्याने आयुष्यात दहाच प्रोग्रॅम बसविलेले असोत.